कारणाचा रकाना

शाळा सोडण्याच्या अर्जात सात रकाने आहेत.
सहा मी घरीच भरले, निळ्या पेनानं,
चांगल्या ट्यूबलाइटखाली बसून.
नाव : कु. यामिनी देवाजी कठाणे.
वर्ग : बारावी, विज्ञान.
सातवा कारणाचा.
तो तीन दिवस तसाच आहे.

बावणे बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं.
"कारण लिव बाई, त्याच्याशिवाय सायेब सही करत नाही."
मग त्यांनाच कीव आली, जुनी फाइल उघडून दाखवली.
लग्न ठरल्यामुळे.
वडील वारल्यामुळे.
नागपूरला कंपनीत लागल्यामुळे.
घरगुती कारण, घरगुती कारण, घरगुती कारण.
"यातलं एक घे," म्हणाले,
जसं जत्रेत रिबिनीचा रंग निवडायला सांगतात.

माझं लग्न ठरलेलं नाही.
बाबा राइस मिलवर आहेत, संध्याकाळी
कानातला कोंडा झटकत येतात, हसतात.
आई शाळेत दीडशे पोरांची खिचडी शिजवते
आणि मला आवडते म्हणून तळातली खरवड डब्यात आणते.
कोणी मारत नाही. कोणी काही म्हणत नाही.
तेच तर सांगता येत नाही.

दिवाळीनंतर कधीतरी
छातीत एक ओलं पोतं येऊन बसलं.
साडेसहाच्या लाखांदूर गाडीत ते माझ्याआधी चढतं.
हजेरीला सर "एकतीस" म्हणतात
आणि एकतीस म्हणजे मी, हे आठवायला
इतका वेळ लागतो की पोरं हसून मोकळी होतात.
पुस्तकातली एकच ओळ वाचत राहते,
बोडीतल्या बगळ्यासारखी, एका पायावर.
त्याला निदान मासोळी दिसत असते.

आईला एकदा सांगायला गेले.
बांधीत लाखोळी उपटत होतो.
म्हटलं, मले आतून बरं नाही लागत.
"कोठी दुखते?"
मी खूप शोधलं. कुठेच बोट ठेवता येईना.
तिनं माझ्या वाट्याची ओळही उपटून टाकली, न बोलता,
आणि घरी येऊन दृष्ट काढली.
मिरच्या जळाल्या, ठसका कोणालाच आला नाही.
"पाह्य, किती लागली होती."
त्या रात्री मी झोपले मात्र. खोटं कशाला सांगू.

मावसभाऊ हेमराज म्हणतो, सतरा नंबरचा फॉर्म भर,
पुढच्या साली बाहेरून बस, वर्ष का पळून जाते?
वर्ष पळत नाही, खरं आहे.
पण घरी राहिले तर पोतं आणि मी, दोघंच.
आणि घराला त्याची सवय होईल.

आज सरावाचं प्रॅक्टिकल होतं.
ब्युरेटमध्ये जांभळं पाणी, तोटीवर माझा हात,
थरथरणारा. आता तो थरथरतोच.
डोंगरवार मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या.
काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या,
फ्लास्कखाली पांढरा कागद ठेव, रंग दिसेल.
माझ्याजवळ एकच होता. उलटा घातला.

थेंब पडतो, गुलाबी होतो, विरतो.
थेंब पडतो,
विरतो.
"थांबायचं कुठं, मॅडम?"
"टिकेल तिथं. गडद करू नको. फिकाच, पण टिकलेला."

पहिलं रीडिंग चुकलं. दुसरंही.
तिसरं आणि चौथं सारखं आलं, दहा पूर्णांक एक.
ते अर्जाच्याच पाठीवर लिहिलं.

आता तो बावणे बाबूंना देता येणार नाही.
एका थेंबाचा डाग तपकिरी होत चाललाय.
नवा मागता येतो, फुकट मिळतो.
मागणार नाही, असं मी म्हणत नाही.
शुक्रवारी जर्नलवर सही घ्यायची आहे, तेवढं ठरलंय.
शनिवारचं मला माहीत नाही.

परतीच्या गाडीत पोतं आधीच चढून बसलं होतं,
खिडकीची जागा धरून.
मी म्हटलं, सरक.