सांधा

तीस रुपयांना दोन, हडपसरच्या नर्सरीतून आणली.
"पाणी नको, निगा नको, साहेब,
वर्षात जमीन झाकून टाकेल,"
पोरगा म्हणाला. नाव वेडेलिया.
पिवळी फुलं, चकचकीत पान.

खोटं बोलला नाही तो.
वर्षात जमीन झाकली,
मग तुळशीकट्ट्याची पायरी,
मग पाण्याच्या मीटरचं झाकण.
सोनटक्का गुदमरला. गवती चहा कधी गेला
ते चहा उकळताना कळलं.
आम्ही नुसती ओसरी दिली होती.

यंदा दिवाळीनंतर गुडघ्यांना विचारून
खाली बसलो. खुरपं, बादली, जुना टॉवेल.

छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडली मी.
अलका चौकाखाली, लक्ष्मी रोडखाली,
खड्ड्यात उकिडवा, डोक्यावरून बस जायची,
हातात शंभर जोड्या, रंगावरून ओळखायच्या.
तारेत दोष क्वचित असतो.
असतो तो सांध्यात.
हिचंही तेच: बोटा-बोटावर एक गाठ,
गाठीला पांढरे दोरे,
दर दोऱ्याने आपलं वेगळं बिऱ्हाड थाटलेलं.
ओढली की तुटते,
तुटली की एकीच्या दोन.
गॅलरीतून दमयंती:
"उपटताय की लावताय?"

कोपऱ्यात फ्लेक्स अंथरला.
वाढदिवस होऊन गेला तरी चौकात लोंबत होता,
भावी नगरसेवक, हात जोडलेले;
पालथा घातला, कडेला विटा.
सहा आठवडे ऊन बंद.
उचलला तर खाली
शिळ्या शेवयांसारखी फिकी, जिवंत,
सगळी टोकं एकाच दिशेला
जिथे एक वीट बोटभर सरकली होती.

थोडा वेळ काही केलं नाही.
मग खुरपं घातलं.

काम अडलं निमकरांच्या भिंतीशी.
भिंतीला तळाशी पाणी जायचं भोक,
त्यातून गेलेली, करंगळीएवढी जाड.
निमकरांशी नऊ वर्षं बोलणं नाही.
कारण एक स्कूटर, कुठे लावायची यावरून.
स्कूटर केव्हाच विकली.

ओढली. येईना.
परत ओढली.
आणि पलीकडून कुणीतरी ओढली.

हात सोडला नाही मी. जुनी सवय.
लाइनवर माणूस आहे हे कळायला
आवाज लागतोच असं नाही.
दोनदा हलकेच खेचली.
जरा थांबून, पलीकडून, दोनदा.

"खालून घ्या," भिंतीपलीकडून आलं. "असं तुटतंय."
"हो."
"तुमचं मूळ कुठवर गेलंय?"
"मीटरपर्यंत."
"आमचं बोअरच्या पाइपाला विळखा घालून बसलंय."
मग खोकला. मग,
"कुणी आणली ही ब्याद, कोण जाणे."

मी खुरप्याची माती पुसली.
पुसलेलं पुन्हा पुसलं.
"हे नर्सरीवाले," म्हणालो, "काहीही विकतात."

कचरा न्यायला येणाऱ्या रंजनाताई म्हणाल्या,
ओलं घेणार नाही, सुकवून द्या,
टाकाल तिथे उगवतं हे, आम्हाला माहितेय.
म्हणून गच्चीवर, पत्र्यावर पसरली,
मुळं आभाळाकडे करून.
पाच दिवसांत कोळपली, चुरचुरीत झाली.
एका गाठीने मात्र रात्रीच्या दवावर
पत्र्यालाच एक पांढरा दोरा टेकवला होता.
नखाने खरवडला.

आता रोज साडेसातला
पलीकडून खुरप्याचा आवाज येतो.
माझाही जात असणार.
कधी निमकर विचारतात, किती?
मी सांगतो, दोन बादल्या.
ते सांगतात, अडीच. नेहमी अर्धी जास्त.
बोलू दे.
तीस रुपयांचं अजून सांगितलेलं नाही.

आज मीटरचं झाकण सापडलं.
बिजागरी गंजलीय, उघडत नाही.
उद्या तेल घालून बघतो.