पाणी ओसरल्यावर

नव्या मशीनवर सकाळी रिपॉझिटरी उतरवून घेतली
आणि फायलीमागून फाईल म्हणाली, दहा वाजून बारा मिनिटं.
चौदा वर्षांचा हळदीचा हिशेब,
तोलाई, हमाली, वाराई, पोत्यामागची घट,
सगळं आजच जन्मलेलं,
एकाच पाळण्यात.

मूळ प्रत सांगलीच्या मार्केट यार्डात, आडत्याच्या माडीवर.
दुसरी मिरजेत. तिसरी कुठल्या देशात, विचारलं नाही कधी.
दर तासाला एकमेकींचं ऐकून
तेच शब्द, तोच स्वल्पविराम.
पण कोणी कधी ऐकलं याची नोंद कुठेच नाही.
वेळ असते ती लिहिल्याची,
तीही लिहिणाऱ्याच्या घड्याळानं.

आणि भूपाल मगदूमचं घड्याळ!
त्याच्या डब्यातला सेल मेलेला, तीस रुपयांचा,
आणायला त्याला कधी सवड झाली नाही.
लाईट गेली की मशीन थेट दोन हजार दोन सालात,
एक जानेवारी, मध्यरात्र,
आणि हा तिथूनच पुढे लिहायला बसायचा.
त्याच्या नोंदी आईबापांच्या सतरा वर्षं आधी जन्मल्यात.

"तारखा सुधारून टाकूया ना," त्रिशला चौगुले म्हणाली,
नवीन आहे.
तिला दाखवलं: प्रत्येक नोंदीच्या पोटात
मागच्या नोंदीचं नाव, चाळीस अक्षरी.
एक तारीख हलवली की तिचं नाव बदलतं,
मग तिच्या पुढच्या सगळ्यांचं,
आणि मिरजेची प्रत आपल्याला ओळख देत नाही.
खोटी तारीख राहू दे. रांग खरी आहे.

तरी संध्याकाळी हरिपूरला फोन लावलाच.
भूपाल आता तिथे हळदीचं पेव सांभाळतो.
"ही घटीची ओळ कधी लिहिलीस रे?"
"पाणी ओसरल्यावर. काटा उन्हात वाळत घातला होता बघ.
आणि तुझ्या त्या व्याजाच्या घोळानंतर. आठवतोय का?"
आठवतोय.
"मग झालं की."

पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली.
पेव उघडलंय, म्हणाला, दुपारीच,
पण लगेच उतरायचं नसतं, आतली हवा जुनी असते.
"किती वेळ थांबायचं?"
"वेळ कसला. कंदील सोडायचा खाली.
जळत राहिला, तर उतरायचं."

फोन ठेवला नाही त्यानं.
दोराचा आवाज येत होता, खाली खाली जाणारा.