कोटा

माझ्या टेबलावर कोटा हा शब्द
एकोणीस वर्षं डिझेलचाच होता.
बोटीचा नंबर, सिलिंडर किती, लिटर किती,
पावती फाडायची, शिक्का मारायचा.
साखरी नाट्याच्या सोसायटीत
त्याचा याहून मोठा अर्थ कुणाला लागला नव्हता.

मंगळवारी हमीदा सोलकर आली.
हात धुतलेले, तरी म्हाकुलाची शाई नखांत.
फोन माझ्यापुढं धरला.
तौसीफनं आखातातून धाडलेलं कात्रण.
"वाच गो बाय. पोरगा म्हनतो, घाबरू नको.
तो असा म्हनला की मला झोप येत नाय."

मी वाचलं.
तिकडच्या सभेपुढं विधेयक आलंय.
कुठल्या देशाची माणसं किती टक्के, ते ठरणार.
जास्तीची परत.
आधी साठी ओलांडलेले, मग बिनपदवीचे,
मग ज्यांचं काम तिकडचा कुणीही शिकू शकेल असे.

तौसीफ एसी दुरुस्त करतो.
पन्नास अंशांच्या उन्हात गच्चीवर चढून
लोकांच्या खोल्या थंड करतो.
हे काम शिकायला तिकडचा कुणी गच्चीवर चढेल का,
ते कलमांत नाही.

"टक्के म्हंजे?"
मी म्हटलं, डिझेलसारखंच.
ती हसली नाही.
"डिझेल संपला तर बोट बांधून ठेवतो गो.
मानूस कुठं बांधायचा?"

मागून उस्मान आला, भिजल्या चपला हातात घेऊन.
बसला नाही.
"एक अर्ज लिव. तिकडच्या सरकारला.
चांगल्या भाषेत. मागं लिवलंस तसा."

मागं म्हणजे गेल्या हंगामात.
ह्याच खिडकीशी बारा छोटे बोटवाले उभे होते
आणि सगळे एकदम बोलत होते.
मोठ्या पर्ससीनवर बाहेरचे खलाशी किती,
बंदरावर भाषा कुठली ऐकू येते,
रात्री जेटीवर कोण झोपतं.
मी त्यातून एक पान काढलं.
'स्थानिकांचे हित विचारात घेता
बाहेरून येणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवावी.'
'ही नम्र विनंती' हे माझं.
पहिली सही उस्मानची.
सही करता करता म्हणाला होता,
"आमच्या लौटनला यात मोजू नको हां,
तो आपला हाय."

संगणकात ते पान अजून होतं.
मी उघडलं, स्क्रीन त्याच्याकडं फिरवली.
'ठेवावी' खोडून 'ठेवू नये' केलं की
बहुतेक अर्ज तयार होता.
उस्माननं वाचलं. दोनदा वाचलं असावं,
त्याचे ओठ हलत होते.
मग खिडकीबाहेर बघत बसला,
खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा यंदा
दक्षिणेला सरकलाय, तिकडं.
हमीदा म्हणाली, "काय झालं? नीट नाय लिवलंय?"
कुणी काही बोललं नाही.

"'स्थानिकांचे हित' काढ," तो शेवटी म्हणाला.
मी विचारलं, कुठल्या अर्जातून?
त्यानं चपला खाली टाकल्या, पायात सरकवल्या,
आणि ओहोटी लागायच्या आत निघायचंय म्हणाला.
ओहोटीला अजून तीन तास होते.

दुपारी खलाशांची कार्डं.
नव्या हंगामापासून कार्डाशिवाय बोटीवर पाय नाही,
वरून कागद आलाय.
रांगेत नववा लौटन थारू, जिल्हा कैलाली, मुलूख नेपाळ,
मालकाच्या रकान्यात उस्मान सोलकर.
अकरा वर्षं रश्शी ओढून
त्याच्या अंगठ्यावरच्या रेघा पुसल्यात.
मशीन लाल दिवा दाखवतं.
मी म्हटलं, केसांत फिरव, तेल लागेल.
त्यानं फिरवला. लाल.
शर्टाला पुसला. लाल.
"मॅडम, दुसरा हात?"
दुसरा तसाच.

मागची रांग चुळबुळायला लागली.
तौसीफचाही कुठं असाच घेत असतील का,
असं माझ्या मनात आलं,
आणि त्याचे अंगठे कसे आहेत ते आठवेना,
लहानपणी इथंच शाई सांडायचा तो.

लौटननं अंगठा पुन्हा काचेवर ठेवला,
जरा जास्त जोरात,
बोट धक्क्याला लावताना दाबतात तसा.