खंड एकोणीस

फॉर्मवर विचारलंय : प्रभावांक.
सोपं आहे. दोन वर्षांत छापलेले लेख खाली,
त्यांना कुणी कुणी नावानिशी आठवलं, ते वर.
एकवीस भागिले छप्पन्न.
शून्य पूर्णांक, मग तीन, सात, पाच.
माटुंग्याच्या या तिसऱ्या मजल्यावर
बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे स्वल्पविराम वेचतेय;
एवढासा आकडा माझ्या हातून
इतक्या सावकाश कधी लिहिला गेला नव्हता.

आठल्ये सरांना पुण्याहून निरोप आलाय :
नव्या लेखकांना सांगा, आमचे दोन लेख संदर्भात घाला,
मगच छापू. सगळेच करतात.
सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"म्हणजे आपणच आपल्या दाराची बेल वाजवून
पळायचं?"

मंगळवारी तो आला.
हरेश्वर भांजी, गाळ काढणाऱ्या बोटीवरचा तांडेल,
भाऊच्या धक्क्यावरून थेट, पायांत गमबूट.
पिशवीतून लॅमिनेट केलेला एक कागद काढला.
अर्ध्या पानाचं कोष्टक :
गाळाचा कण केवढा, पाणी किती खारं,
तळाशी बसायला वेळ किती.
लेखिकेचं नाव झेरॉक्सच्या कडेबाहेर राहिलेलं,
खाली फक्त आमचं, तेही अर्धं :
"…योजित गणित, खं. १९"
"चॅनल मीटरभर खोल करतायत," म्हणाला,
"याच्या खालच्या दोन ओळी पायजेत. कापल्या गेल्यात."

छेद म्हणजे भागाकारातला खालचा आकडा,
हे मी रोज लिहिते.
छेद म्हणजे कापणंही, हे विसरले होते.

पृष्ठ २१४. हेमलता खांडेपारकर, १९९१.
किती जणांनी संदर्भ दिला? एक.
तोही त्यांचा त्यांनीच, पुढच्या लेखात.

फोन लावला. माहीमला असतात, ऐकू कमी येतं.
"कोष्टक? अहो, त्यात चूक आहे!
तिसऱ्या ओळीत दशांशचिन्ह एक घर सरकलंय.
तेव्हाच कळवलं होतं मी, शुद्धिपत्र निघालंच नाही.
थांबवा त्या माणसाला!"

रिसीव्हर कानाशी तसाच धरून मी वळले.
त्याने कागद पालथा केला.
प्लॅस्टिकच्या आत, बॉलपेनाने :
ओळ ३, दहाने भागणे.
"आमच्या आधीच्या तांडेलानं लिवलंय.
कागद म्हणायचा आठ तास,
आणि पाऊण तासात बोटीचं बूड टेकायचं."

मी ते फोनवर जसंच्या तसं सांगितलं.
पलीकडे काहीच नाही.
मग, "दहानेच ना? नक्की?"
मग, "विचारा त्याला, पाणी किती खारं होतं."

दोघं अर्धा तास बोलले, ओरडून,
माझ्या टेबलाच्या कडेवर त्याचा ओला कोपर.
सर दारात उभे. चहा आला, निवला.

फॉर्म भरून पाठवला. तीन, सात, पाच.
शेऱ्याच्या रकान्यात वीस अक्षरं मावतात,
तो कोराच ठेवला.
पुढच्या अंकात शेवटच्या पानावर शुद्धिपत्र आहे,
चार ओळींचं, तेहतीस वर्षं उशिरा;
चूक पडताळल्याबद्दल
ह. भांजी आणि त्यांच्या आधीचे तांडेल यांचे आभार.
शुद्धिपत्रं मोजत नाहीत.
मी विचारून घेतलं.

प्रूफ परत पाठवण्याआधी
भांजीवरचा अनुस्वार
दोनदा तपासला.