पाठपोट

एका पानाचे दोनशे घेते मी.
जन्मदाखले, नर्सिंगच्या मार्कशीटा,
पोलिसांचं चारित्र्याचं पत्र.
पाटणीपुऱ्याच्या या जिन्यावरून
महिन्याला दोन-तीन मुली जर्मनीला जातात.
उलट दिशेनं आलेला कागद हा पहिलाच.

हिलाल सोनवणेनं तो मिठाईच्या खोक्यातून काढला,
दोन्ही हातांनी, प्रसाद धरावा तसा.
"आजाकडे होता. मिलमध्ये रंगखात्यात होता आजा.
जमिनीचा वगैरे असेल तर बघा, मॅडम."

जमिनीचा नाही.
काळी काटेरी अक्षरं, वर क्रॉसचं चित्र,
खाली पुसट शिक्का,
आणि सही, धावता घोडा अडखळावा तशी.
मी वाचत गेले, तो वहीत लिहीत गेला.
गेफ्राइटर लोरेन्ट्स हाउब्रिख.
पस्तिसावी पायोनियर रेजिमेंट.
लोखंडी क्रॉस, दुसरा वर्ग.
मे, एकोणीसशे पंधरा.
"कशाबद्दल?"
शत्रूसमोरच्या शौर्याबद्दल.
"म्हणजे केलं काय त्यानं?"
ते लिहिलेलं नाही.
शौर्य छापील आहे,
नाव तेवढं हातानं भरलंय.

पुढची नोकरी हिलालला बापाकडून तोंडपाठ.
अठ्ठावीस साली साहेब इंदूरला आला, रंगमास्तर.
ओल्या सुताचं टोक जिभेला लावून सांगायचा
सोडा किती जास्त झाला ते.
मराठी शिकला. तीन लिंगं ऐकून खूश झाला म्हणे,
त्याच्या घरीही तीनच होती.
तरी शेवटपर्यंत 'तो साडी' आणि 'ती कारकून'.
एकच खोड.
ब्लीचिंगच्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही कधी.
भुकटीचं पिंप उघडलं की हा वीस हात लांब, लिंबाखाली,
ओला रुमाल तोंडावर दाबून उभा.
"पोरं हसायची. आजा म्हणायचा, हसू नका रे,
साहेबाला वासाचा विटाळ आहे."

मी हसले नाही.
भाषांतर करणाऱ्या माणसाला
काही आकडे नको तेवढे ठाऊक असतात.
त्या वसंतात पस्तिसाव्या रेजिमेंटनं
नळकांडी पुरली, रांगेनं, हजारोंनी,
आणि वाऱ्याची वाट पाहिली.
ती भरली गेली रंगांच्या कारखान्यांत,
जिथून पुढे
आपल्या लुगड्यांच्या काठांचा लाल यायचा.
हे मी बोलले नाही.
'केलं काय' यापुढची त्याची ओळ
वहीत कोरीच राहिली.

मग कागद उलटला.
मागे शिसपेनीची देवनागरी, चौथीतल्या पोराची वाटावी अशी,
रेघ कुठे सुटलेली, कुठे दोनदा मारलेली.
नीळ सवा शेर. चुना. गुळ अर्धा शेर.
तीन दिवस झाकून.
फेस तांबडा आला तर बरोबर.
नाही आला तर भिकनला विचारणे.
कोपऱ्यात अंगठा, निळा,
भिकनचा की साहेबाचा कोण सांगणार.

एकोणचाळीसच्या सप्टेंबरात पोलीस न्यायला आले,
तेव्हा त्यानं बॅग भरली, बूट पुसले,
कागद भिकनच्या हातात दिला.
"तो रंग बिघडू देऊ नको," म्हणाला.
या वेळी लिंग बरोबर होतं.
आजाला दोन्ही बाजू वाचता येत नव्हत्या.
पाठीमागची पाठ होती.

"घेणारा आहे एक," हिलाल म्हणाला,
"क्रॉसवाल्या कागदाचे बरे येतात. फ्रेम करून मागतोय."
फ्रेमला कागद चिकटवतात, मी म्हटलं.
तो बराच वेळ खोक्याचं झाकण लावत राहिला.
"किती झाले? पानं दोन की एक?"
एकच. मागचं मराठी आहे,
त्याचे मी घेत नाही.

तो गेला. खाली कुणीतरी
पावडर टाकून जिना धूत होतं,
पाचच्या बॅचच्या मुली नाकाला ओढण्या लावून वर आल्या.
मी आधी खिडकी उघडली,
मग फळ्यावर आजचा पहिला शब्द लिहिला.
वारा.
पुल्लिंगी.
तिकडेही.