गया

आधी चित्र. केळीच्या बागेत उभी एक बाई
यंत्राकडूनच काढून घेतली.
उजव्या हाताला सहा बोटं आली,
ती पदराखाली झाकली.

मग फॉर्मनं विचारलं, गायिका?
नाव साडी सेंटरच्या पिशवीवरून घेतलं,
आडनाव शेजारच्या वीजबिलावरून.
शेवंता बोरसे.
म्हणून पाहिलं मोठ्यानं. शोभलं.

भाषा?
यादी खाली सरकवत गेलो.
आइसलँडची होती. अहिराणी नव्हती.
'इतर'वर बोट टेकवलं.
तापीच्या दोन्ही काठांना पसरलेले
आम्ही इतर.

शेवटी एक रिकामा चौकोन :
हा आवाज यंत्राचा असल्यास खूण करा.
केली नाही.
चौकोन काही बोलला नाही, मीही नाही.

अमळनेर, स्टँडच्या मागे, रात्रीचे पावणेदोन.
याच टेबलावर वडील कॅसेटी भरून द्यायचे,
एका बाजूला कानबाईची गाणी,
दुसरीकडे ज्याचं त्याचं सांगणं.
मी मोबाइलच्या काचा बदलतो.

एका ओळीनं फार छळलं होतं.
मना गया सुकना.
आमच्याकडे ळ टिकत नाही, त्याचा य होतो :
केळीची केयी, गळ्याचा गया.
आणि गेला, तोही गयाच.
यंत्राला हे कसं सांगायचं?
सात वेळा गाऊन घेतलं,
सातही वेळा गळा म्हणताना ती असं म्हणाली
की कुणीतरी आत्ता दारातून निघून गेलंय.
आठव्याला मी कंटाळलो. तसंच सोडलं.

पहिल्या महिन्याला अकरा रुपये चाळीस पैसे.
मग पारोळ्याच्या एका डीजेनं हळदीत वाजवलं
आणि फोन सुरू झाले.
बाई सुपारी किती घेतात?
सोबत माणसं किती? जेवण आमच्याकडे.
मी म्हणालो, घसा बसलाय त्यांचा.
दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच.
खोटं बोलताना माझाच आवाज खाली यायचा,
लोकांना खरं वाटायचं.

उस्मान पिंजारी काच बदलायला आले,
बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात.
गाणं चालू होतं. ऐकत उभे राहिले.
म्हणाले, दम कुठे घेते ही?
एक अंतरा झाला, दुसरा लागला,
मी मेलो असतो एवढ्यात.
मग काचेचे पैसे मोजून देऊन गेले.
घासाघीस केली नाही. पहिल्यांदाच.

आणि गुरुवारी
बेटावदच्या गाडीचा कंडक्टर एक पुडकं देऊन गेला.
ज्येष्ठमधाच्या काड्या, खडीसाखर,
धुळ्याच्या दवाखान्याच्या कागदामागे पेन्सिलीनं :

शेवंताबहीन,
तुना गया बसना असं आयकं.
काडी दाढमा धर, दोन दिन बोलू नको.
आपरेशननंतर मना गया गया.
तुनं गानं आयकस तवय वाटस
मीच गाई ऱ्हायनू.
सिंधू बेलदार.

गया गया.
दोन सारखे शब्द शेजारी शेजारी
आणि बाईनं कुठेही गडबड केली नव्हती.

रात्री ती ओळ यंत्रात घालायला बसलो, नाही कसं म्हणू.
पहिला गया टाइप केला.
दुसऱ्यावर बोट थांबलं.
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला,
त्याला काय, तो कितीही वेळ लुकलुकतो.

पुसलं.
एक काडी दाढेत धरली.
आधी नुसतं लाकूड लागतं,
मग थोडं कडू,
गोड यायला फार वेळ जातो.

फोन वाजत होता. हळदीचाच असणार.
दोन दिवस बोलू नको, म्हणाली होती.