चतुःसीमा

उदगीरच्या तंत्रनिकेतनात, तिसऱ्या लॅबमध्ये,
खिडकीकडून चौथं मशीन.
पोरं म्हणतात, मॅडम, ह्याच्यावर नेटवरून काही उतरतच नाही,
पायथन म्हणतो, एसएसएल कोण, ओळखत नाही.
मी म्हटलं, आधी बघू
हा पायथन राहतो कुठं.

विचारलं तर दोन निघाले.
एक सिस्टिमचा, सरकारी, सगळीकडे असतो तसा.
दुसरा 'ऑप्ट'च्या आत, आडबाजूला,
आणि हाक मारली की ओ देणारा हाच.

माझे वडील तलाठी होते, देवणीला.
खरेदीखत वाचताना त्यांचं बोट चतुःसीमेवरून फिरायचं:
पूर्वेस नाला,
दक्षिणेस मन्मथप्पाच्या बांधावरची चिंच.
चिंच कधीचीच पडलेली असायची.
खतात उभी.

एक कमांड दिली, तर त्यानं पडदाभर पसारा ओतला.
लायब्ऱ्या इथं, हेडर फायली इथं, स्क्रिप्टा पलीकडं,
कोणत्या कंपायलरनं, कोणत्या खुणा लावून,
तीन-चारशे नावं आणि प्रत्येकासमोर त्याचं त्याचं उत्तर.
मी बोट काचेवरून खाली नेत राहिले.
काचेवर धुळीत रेघ उमटली.

रेघ एका ओळीशी थांबली.
ज्या जागी हा बांधला गेला ती जागा:
होम, त्यात मोईज, त्यात बांधकाम.
अक्षरं इंग्रजी, पण शब्द बांधकामच.
जाऊन पाहिलं.
अशी कोणतीही डिरेक्टरी नाही.

"काय बघूलालाव मॅडम, इतक्या येळचं?"
बिरादार मामा पाण्याचा जार उलटा बसवत होते.
"मामा, मोईज कोण?"
"मोईज सर? हितंच होते की, कंत्राटावर.
रातचं यायचे. दिवसा लाईट कुठं ऱ्हायची तवा.
चावी माझ्याकडून न्यायचे, सकाळी आणून द्यायचे,
डोळे लाल.
आता बिदरला हैत म्हणतेत. का गुलबर्ग्याला."

मग आवृत्तीच्या ओळीतली तारीख नीट वाचली.
एप्रिल, दोन हजार चौदा.
रात्रीचे दोन चाळीस.

त्यांनी काय नको म्हटलं होतं, तेही त्यात जपलेलं:
पिप नको. नेटच नव्हतं, उतरवणार कुठून.
एसएसएलचं मात्र काहीच नाही, ना हो ना नको.
त्याच्या हेडर फायली तेव्हा मशीनवर नसणार,
बांधणी तेवढं गाळून पुढं गेली असणार,
आणि लाईट जायच्या आत संपायला हवी होती.
मी सकाळपासून ह्या माणसाला
मनातल्या मनात वेंधळा म्हणत होते.

रेवणसिद्धनं विचारलं, जुना उडवू का?
नको.
नवा बांधू, आणि पाथमध्ये हा मागं सरकवू.
नव्याच्या पश्चिमेस असू दे.

दुपारचे तीन. पंखा चालू, तिन्ही ट्यूब चालू,
बाहेर किल्ल्याकडून येणारी गरम हवा.
नवा सोर्स उतरून तयार.
फोल्डरला नाव काय देऊ, तो म्हणाला.
सवयीनं मी सांगितलं, टेस्ट.
त्यानं टाइप केलं.
थांब, म्हटलं, खोड ते.

खोडलं त्यानं.
कर्सर लुकलुकत राहिला
आणि मला बराच वेळ काही सुचलं नाही.